एका वायरीची वाटणी

खिडकीच्या चौकटीला बाबांनी पाडलेलं भोक अजून तसंच आहे. १९९२ साली झी टीव्ही आला, त्याच्या मागोमाग ते पडलं. शेजारच्या गच्चीवरून झोके घेत आलेली काळी वायर त्यातून घरात शिरायची. २००३ साली त्याच वायरीतून इंटरनेट येणार म्हटल्यावर आजीने विचारलं, "मग मालिका कुठून यायच्या?"

मला धड उत्तर देता आलं नाही. एका वायरीत प्रत्येक वाहिनीला आपापल्या फ्रिक्वेन्सीची जागा असते आणि इंटरनेट त्यातल्याच एखाद्या रिकाम्या जागेत पथारी पसरतं, हे मलाही नंतरच कळलं. तोवर आमचं इंटरनेट म्हणजे ५६ केबीपीएसच्या मोडेमची किंकाळी आणि आईची हाक, "फोन मोकळा कर रे, मामाचा यायचाय!"

रविवारी केबलवाला पोरगा आला. ब्लेडने वायरीची साल काढली, आतली जाळी मागे दुमडली, तांब्याची तार नखाएवढी उघडी ठेवून पिन दाबून बसवली. मी कॅबिनेट उघडून लॅन कार्ड लावलं. विंडोज ९८ ने मध्येच आपली सीडी मागितली. ती सापडली बाबांच्या विम्याच्या कागदांत, पण अर्ध्या तासाने.

मग पोरगा मोडेम उपडा करून त्याच्या पोटावरचा बारा अक्षरा-आकड्यांचा मॅक अॅड्रेस फोनवर ऑफिसला वाचून दाखवू लागला. "बी, बी... बॉम्बेचा बी!" बारशाला कुर्रर्र करावं तसं एकेक अक्षर.

दिवे लागले. पहिला स्थिर झाला, दुसरा लुकलुकत राहिला. मोडेमला आधी पलीकडचं ऐकू यावं लागतं आणि मग आपलं म्हणणं पलीकडे पोचवावं लागतं; उत्तर येईपर्यंत तो दर वेळी थोडा आवाज चढवून पाहतो. आमचा चढवून चढवून थकला. स्क्रीनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसत होता. विचारूनही कुणी पत्ता देईना, की संगणक स्वतःच स्वतःला असा एखादा देऊन बसतो. घरातल्या घरात सरपंच! मी 'रिन्यू'चं बटण दाबत राहिलो, जणू माझ्या दाबण्यानेच काही होणार होतं.

पोरग्याने वायर चाचपत माग काढला. हॉलमध्ये एक स्प्लिटर, आतल्या खोलीत दुसरा. स्प्लिटर सिग्नलची वाटणी करतो आणि करताना थोडा स्वतःही खातो. दोन वाटण्या होऊन माझ्या वाट्याला ताकातलं पाणी येत होतं. त्याने मोडेमची वायर पहिल्याच स्प्लिटरला जोडली आणि आजीचा छोटा टीव्ही सगळ्यात शेवटी ढकलला. चौथा दिवा लागला तो लागलाच. पहिलं पान उघडताना मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो.

"काकू, टीव्ही बघून घ्या एकदा," पोरगा आत डोकावून म्हणाला.

आजीच्या पडद्यावर मुंग्या आल्या होत्या. मुंग्यांच्या आड कुणीतरी सासू कुणालातरी बोलत होती. आवाज मात्र स्वच्छ होता.

"राहू दे," आजी म्हणाली. "मला तसंही दिसतंय कुठे नीट? ऐकू येतंय."

त्याने हत्यारं पिशवीत भरली. मी काहीच बोललो नाही.