पण त्यात मशीन नको

मृगाचा बहार घेण्यासाठी मे महिन्यात संत्र्यांचे बगीचे ताणावर सोडले, झाडांचे पाणी तोडले, की बागाइतदाराला आभाळाकडे पाहत बसण्यावाचून काम उरत नाही. आणि अशाच सक्तीच्या निरुद्योगात आमच्या रामाकोन्यातले एक शेजारी माझ्याकडे पुस्तके मागावयास आले असता त्यांनी जी अट घातली, ती अद्यापि माझ्या डोक्यातून जात नाही. “गुरुजी, सायन्सची कादंबरी द्या, पण त्यात मशीन नको जी,” असे ते म्हणाले. मला हसू आले नाही, कारण त्या अटीचा पूर्वेतिहास मला ठाऊक होता. वर्षाचे बहुतेक महिने हा गृहस्थ मोटारपंप, जळलेला स्टार्टर आणि मध्यरात्री केव्हातरी अवतरणारी थ्री-फेज वीज यांच्या दरबारात हात जोडून उभा असतो. ज्याला यंत्राचा इतका निकट सहवास घडला आहे त्याला करमणूक म्हणून पुन्हा यंत्राचेच गुणवर्णन वाचावयास लावणे हा जुलूमच म्हटला पाहिजे. परंतु विज्ञानकादंबरीतून यंत्र वजा जाता बाकी काय राहते, हा हिशेब मी तोवर कधी मांडलाच नव्हता.

तो मांडावयास बसताच पहिले नाव आठवले ते फ्रेड हॉईल यांच्या ‘द ब्लॅक क्लाउड’चे. हॉईल पेशाने ज्योतिर्विद, आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या या कादंबरीत घडते ते एवढेच की अंतराळातून आलेला एक अतिविशाल वायुमेघ सूर्याभोवती येऊन ठाण मांडतो, पृथ्वीवर आधी होरपळ आणि मग काळोख व हिम पसरते, आणि इंग्लंडातल्या एका जुन्या वाड्यात कोंडून घेतलेले काही शास्त्रज्ञ कागदावर गणिते करता करता अशा निष्कर्षाला पोहोचतात की हा मेघ सजीव आहे, बुद्धिमान आहे, आणि ग्रहासारख्या घन गोळ्यावर विचार करणारे जीव राहू शकतात याचे त्यालाच आपल्यापेक्षा अधिक आश्चर्य वाटते आहे. मुत्सद्दी लोक त्याच्यावर अण्वस्त्रे सोडतात. तो ती निमूटपणे ज्याची त्याला परत करतो. यंत्रे या कथेतही आहेत, नाही असे नाही, पण ती वेठीला धरलेल्या मजुरांप्रमाणे पाठीमागे राबतात आणि संभाषणात तोंड घालीत नाहीत. ही कादंबरी मी विज्ञानाच्या वाटेला कधी न गेलेल्या माणसांनाही निःशंकपणे देतो.

याच हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली केंब्रिजला संशोधन केलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा फिरवून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आणि हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून ती पत्नी मंगलाबाईंकडून लिहवून घेतली. पारितोषिक जगतापांना मिळाले. एवढ्या मोठ्या माणसाने परीक्षकांवर आपल्या नावाचे दडपण येऊ नये म्हणून इतकी दक्षता घ्यावी, ही गोष्ट मला त्या कथेहून अधिक प्रिय आहे. त्यांची पात्रे पुष्कळदा एकाच परीक्षेला बसून एकाच श्रेणीत उत्तीर्ण झाल्यासारखी बोलतात, हे मी त्यांच्या हयातीतही म्हणत असे आणि २० मे २०२५ नंतरही म्हणतो. तरीही नव्या वाचकाला मराठीतली विज्ञानकादंबरी द्यावयाची झाली तर हात प्रथम त्यांच्याच ‘वामन परत न आला’कडे जातो. शेजाऱ्यांना मात्र ती देता येईना, कारण तिच्यात वामन आहे तो यंत्रमानव, आणि त्याचे पुढचे पाऊल कोठे पडेल याची धास्ती हाच त्या कादंबरीचा प्राण.

म्हणून मी त्यांना नारळीकरांचीच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ दिली. ती कादंबरी नव्हे, कथा आहे, आणि तिच्यात यंत्र म्हणावयाचे तर एक मालमोटार आहे, जिची धडक बसून इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका हिंदुस्थानात जाऊन पडतात, जेथे विश्वासरावांना गोळी लागता लागता चुकली, पानिपत मराठ्यांनी जिंकले, आणि इंग्रजांची सत्ता मुंबईपुरतीच उरली. त्या दुनियेत पुण्याहून मुंबईला निघालेल्या आगगाडीला वाटेत ‘सरहद’ नावाचे स्थानक लागते व तेथे परवाने तपासतात. पानिपताबद्दल मराठी माणसाला जे वाटावयाचे ते मलाही वाटते. पण खरे सांगावयाचे तर माझे मन अडकले ते त्या सरहद स्थानकातच. कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही आमची राजधानी होती, आणि त्या तारखेला नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही छिंदवाड्यासह मध्यप्रदेशात राहिलो; भाषा घरात राहिली, दप्तर भोपाळला गेले. पुस्तके मात्र पूर्वीप्रमाणेच इतवारीहून येणाऱ्या अडीच फुटी रुळांच्या गाडीने सावनेर, केळोद, लोधीखेडा, सौंसर असे मुक्काम करीत येत राहिली, आणि तिला वाटेत कोणी परवाना विचारला नाही. त्या वेळी लेखणीचा फराटा बोटभर वर गेला असता तर काय झाले असते, याची एक समांतर कादंबरी आमच्या भागातल्या प्रत्येक वृद्धाच्या पोटात अलिखित पडून आहे. तिच्यातले रामाकोना कसे असते? २०२३ साली आमचा जिल्हा बदलून पांढुर्णा झाला तेव्हा काही जणांनी ती पुन्हा उघडून चाळल्याचे मी ऐकले.

या गाडीचा विषय निघाला म्हणजे मला अटीबाहेर जाणे भाग आहे, कारण यंत्रांचा मला कितीही कंटाळा येवो, एका यंत्रावर माझा जीव आहे. ते ज्यूल व्हर्न यांच्या ‘द स्टीम हाउस’ या १८८० सालच्या कादंबरीत आहे, आणि तो आहे एक पोलादाचा हत्ती. बँक्स नावाच्या अभियंत्याने तो भूतानच्या राजासाठी बनवलेला. राजा वारला म्हणून बँक्सनेच तो विकत घेतला. पोटात बाष्पयंत्र, सोंडेतून धूर, आणि पाठीमागे चाकांवरचे दोन सुसज्ज बंगले ओढीत हे धूड कलकत्त्याकडून निघून उत्तर हिंदुस्थान तुडवीत जाते. लहानपणी घाटाकडे तोंड करून भिमालगोंदीच्या दिशेने धापा टाकीत निघालेले आमचे छोटे इंजिन मी पाहिले नसते, तर या हत्तीवर माझा विश्वास बसला असता की नाही कोण जाणे. पण ज्याने ते पाहिले आहे त्याला बाष्पाच्या पोटी जनावर दडलेले असते हे निराळे पटवून द्यावे लागत नाही.

हत्तीपेक्षाही मला नवल वाटते ते त्याच्या मार्गाचे. कादंबरीचा आरंभ होतो १८६७ च्या मार्चमध्ये, औरंगाबादेत चिकटवलेल्या एका जाहीरनाम्याने: सत्तावनच्या बंडाचा पुढारी धोंडोपंत ऊर्फ नानासाहेब यास जिवंत वा मृत हजर करणाऱ्यास दोन हजार पौंड इनाम. इतिहासातले नानासाहेब नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले. व्हर्नचे नानासाहेब फकिराच्या वेषात वेरूळच्या लेण्यांत लपतात, उत्तरेकडे सरकतात आणि नर्मदेपलीकडे विंध्यात गोंडांच्या आश्रयाने राहतात. त्यांच्या पाठीवर आहे कर्नल मन्रो, ज्याची पत्नी कानपूरच्या कत्तलीत गेली असे सर्वजण धरून चालले आहेत. आणि नर्मदेच्या खोऱ्यात रात्रीबेरात्री हाती पेटता पलिता घेऊन एक वेडी बाई हिंडत असते, जिला गोंड लोक भिऊन अन्न ठेवतात आणि वाट मोकळी करून देतात. ती कोण, हे चाणाक्ष वाचक फार आधी ओळखतो. पण ओळखल्याने काही बिघडत नाही. शेवटी जबलपूरच्या जवळ, पाठलाग करणारे हाकेच्या अंतरावर आले असता, नानासाहेबांना हत्तीच्या मानेशी बांधून, वाफेच्या झडपा दाबून ठेवून, मंडळी उतरून पळतात आणि हत्ती फुटतो. नानांचे प्रेत मात्र कोणाला सापडत नाही.

व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नव्हता. त्याने आपल्या अभ्यासिकेत नकाशे, प्रवासवर्णने आणि भूगोलाचे ग्रंथ पसरून हा मुलूख रचला. त्यामुळे त्यातली झाडे कोठे कोठे चुकीच्या तालुक्यात उगवतात, आणि नानासाहेबांना जो निव्वळ खलपुरुषाचा रंग दिला आहे तो आज वाचवत नाही. असे असूनही गोंडांच्या आश्रयाने डोंगरात राहणारा परागंदा मराठा राजा ही त्याची कल्पना आमच्यापुरती कल्पना नव्हेच. नागपूरचे आप्पासाहेब भोसले १८१८ साली इंग्रजांच्या कैदेत अलाहाबादेकडे नेले जात असता जबलपूरच्या बाजूला पहाऱ्यातून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात, म्हणजे आमच्याच सातपुड्याच्या माथ्यावर, गोंडांच्या साहाय्याने महिनोन् महिने इंग्रजी पलटणींना झुलवीत राहिले; पुढे अशीरगड, पुढे लाहोर, आणि १८४० साली जोधपुरात त्यांचा अंत झाला. व्हर्नला ही हकीकत ठाऊक होती असे मानावयास माझ्यापाशी कसलाही दाखला नाही. पण देवगडच्या गोंड राजांचा हा मुलूख. राज्य गमावलेल्या राजाने आडोसा मागितला तर तो येथेच मागावा हे त्या फ्रेंच माणसाला दूर बसून कसे उमगले, याचा विचार करताना मला काळयंत्र, प्रकाशाचा वेग वगैरे गोष्टी अगदी मामुली वाटू लागतात.

आपल्या देशाविषयी त्याला ओढ असावी हे खास. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’मधला कप्तान नेमो प्रथम त्याच्या मनात रशियावर सूड घेणारा पोलिश सरदार होता, प्रकाशक हेत्झेल यांनी हरकत घेतली, आणि पुढे ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये नेमो निघाला तो बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कार, सत्तावनच्या संग्रामात सर्वस्व गमावलेला. म्हणजे पाणबुडीचा तो जगप्रसिद्ध मालक आमच्याच आजच्या राज्याच्या अंगणातला. मुलांना व्हर्न द्यावयाचा तर भा. रा. भागवतांच्या मराठीतूनच द्यावा. ‘चंद्रावर स्वारी’ किंवा ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ वाचून ज्याला पुढचे पुस्तक मागावेसे वाटले नाही असा मुलगा मला अद्याप भेटला नाही.

आयझॅक अॅसिमॉव्ह यांची ‘फाउंडेशन’ पुष्कळांची आराध्य आहे. मला ती चौकशी समितीच्या इतिवृत्तासारखी वाटते, कारण आकाशगंगेचे साम्राज्य कोसळते ते सर्व बंद खोलीतल्या संभाषणांतून. त्यांची १९४१ सालची ‘नाइटफॉल’ मात्र मी कोणालाही देईन: सहा सूर्यांच्या प्रकाशात राहणाऱ्या ग्रहावर २०४९ वर्षांतून एकदा रात्र येते आणि तारे दिसतात, इतकेच. ती मूळ कथाच वाचावी, तिची मागाहून वाढवलेली कादंबरी नको. स्तानिस्लाव लेम यांच्या ‘सोलारिस’मध्ये विचार करणारा महासागर आहे आणि त्याच्याविषयी शतकभर लिहिल्या गेलेल्या निरुपयोगी ग्रंथांनी भरलेले ग्रंथालय आहे, प्रेमकथेसाठी लोक ती वाचतात, मी त्या ग्रंथालयासाठी वाचतो. ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘किंड्रेड’ ही तर अटीत सर्वांत चपखल बसणारी. कॅलिफोर्नियातली एक कृष्णवर्णीय स्त्री कोणत्याही यंत्रावाचून, कारण न कळता, गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडात खेचली जाते आणि परत येताना एक हात तेथेच गमावते. लेखिका स्वतः तिला विज्ञानकथा मानीत नसत. मी मानतो. उर्सुला ले ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ आमच्याकडे मे महिन्यातच वाचावी, दुपारी, दारे लावून. तिच्या उत्तरार्धातला दोघांचा हिमनदीवरून झालेला पायी प्रवास वाचताना पंखा बंद पडल्याचे लक्षात येत नाही.

बंगाल्यांचा मला हेवा वाटतो तो एवढ्याचसाठी की सत्यजित राय यांनी आपला प्रोफेसर शंकू कलकत्त्यात ठेवला नाही. त्याला उस्री नदीकाठच्या गिरिडीहात मांजर, नोकर आणि प्रयोगशाळा यांसह बसवला आणि जग तेथे येऊ दिले. आमच्या कन्हानकाठी तसा कोणी बसवावयास हरकत नाही. जागा पुष्कळ आहे, भाडेही माफक.

ऑलाफ स्टेपल्डन यांची ‘स्टार मेकर’ मात्र मी शेवटी देतो, आणि तीही आधीची पुस्तके वेळेवर परत करणाऱ्यालाच. १९३७ सालचे हे पुस्तक. घराजवळच्या टेकडीवर रात्री बसलेला एक मनुष्य देहातून निघतो आणि विश्वाच्या आरंभापासून अंतापर्यंत सर्व पाहून घेतो, आणि त्या पाहण्यात समग्र मानवजात एखाददुसऱ्या उल्लेखापुरती येऊन जाते. नायक नाही, नायिका नाही, संवाद जवळजवळ नाहीत. ते वाचून ठेवल्यावर पुष्कळ दिवस दुसरी कादंबरी हाती धरवत नाही. तेवढा काळ मी रेल्वेचे वेळापत्रक वाचतो.