ताशी सहा लिटर

मिंडेलोच्या धक्क्यावर दादाने मला पहिलं काम दिलं ते पाणी भरायचं. हे केप व्हर्दच्या साओ विसेंते बेटावरचं बंदर. बेट इतकं कोरडं की डोंगर भाजलेल्या विटेसारखे दिसतात. नळाला येतं तेही समुद्राचंच पाणी, कारखान्यात गोडं केलेलं. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत पाइप सरकवताना माझ्या हातून थोडं सांडलं, तेव्हा शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्याने ज्या नजरेने पाहिलं ती माझ्या ओळखीची होती. वैशाखात आमच्या किनाऱ्यावरच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, की कळशी हिंदकळवणाऱ्याकडे आजी असंच बघायची.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, इंग्लंडात स्थायिक झालेला इंजिनिअर. तो आणि वहिनी छत्तीस फुटी शिडाच्या बोटीने फिरतात. या खेपेला तिसरा मी. मिंडेलोहून अटलांटिक ओलांडून बार्बाडोस, सुमारे २,००० सागरी मैल. ताशी पाच मैलांनी सतरा दिवस. बोटीवर खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र होतं, तरी दादाचा हिशेब यंत्राला धरून नव्हता. "माणशी चार लिटर, तिघांचे बारा, सतरा दिवसांचे दोनशे चार. वारा पडला तर म्हणून वर निम्मे. यंत्र आहे हे विसरून भर." दोन टाक्या १४० लिटरच्या आणि तीन कॅन वीस-वीसचे, असे ३४० लिटर भरले. उजव्या टाकीची तोटी दादाने तारेने बांधून टाकली. रोजचं पाणी डाव्या टाकीतून काढायचं आणि यंत्राचंही तिच्यातच सोडायचं.

बंदरात यंत्र लावायला मनाई होती. बंदराच्या पाण्यावर डिझेलचा तवंग असतो आणि तेलाचा थेंबही आतल्या पडद्याला मानवत नाही. क्लोरीन तर त्याचा वैरीच. म्हणून बंद करताना यंत्र धुवायचं पाणीही आधी कोळशाच्या फिल्टरमधून काढायचं. हा पडदा म्हणजेच सगळं यंत्र. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी असा पडदा बनवला, की त्यातून पुरेसं पाणी निघावं आणि मीठ मागे राहावं. घरोघरच्या आरओचं मूळ तेच. फरक दाबाचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात जवळपास ३५ ग्रॅम क्षार. त्यातून पाणी पिळून काढायला आमचा पंप हवेच्या दाबाच्या पंचावन्नपट जोर लावतो. साडेपाचशे मीटर खोल समुद्रात जेवढा दाब असतो, तेवढा स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली! एवढं करून दहा लिटर समुद्रातलं एक लिटर आपलं, उरलेलं जास्त खारट होऊन परत समुद्रात. ताशी सहा लिटर.

वीज लागायची बारा व्होल्टवर चार अँपिअर. ती मागच्या सौर पट्ट्यांतून यायची. त्यात एक गंमत होती. आम्ही पश्चिमेला चाललो होतो, त्यामुळे दुपारनंतर सूर्य समोर जायचा आणि शिडांची सावली नेमकी पट्ट्यांवर पडायची. म्हणून यंत्र सकाळीच लावायचं. सुकाणूवरची पहाटेची पाळी संपली की मी नळीखाली पेला धरून बसायचो. पहिली काही मिनिटं येणारं पाणी सांडून द्यायचं, मग मीटर बुडवून क्षार मोजायचे. लिटरला तीनशे-साडेतीनशे मिलिग्रॅम आले की नळी टाकीत. पिण्याच्या पाण्याची आपल्याकडची मर्यादा पाचशेची.

चार-पाच तासांत पंचवीसेक लिटर पाणी जमायचं. त्यामुळे दिवसाआड प्रत्येकाला चार तांबे आंघोळ. भांडी मात्र समुद्राच्याच पाण्याने घासायची. भातात वहिनी दोन वाट्या गोडं आणि एक वाटी खारं पाणी घालायची; मीठ वेगळं नाही.

नवव्या दिवशी नळीची धार बारीक झाली. मीटरवर अकराशे. मी घोट घेतला. थेट वैशाखातली विहीर. मला वाटलं, पडदा फाटला. दादाने आधी दाबाचा काटा पाहिला. तो खाली आला होता. दाब उतरला की पाणी कमी झिरपतं, मीठ मात्र जवळपास तेवढंच झिरपत राहतं, म्हणून पाणी खारट होतं, हे त्याने समुद्राचं पाणी गाळणारा फिल्टर उघडता उघडता सांगितलं. फिल्टर उघडला तशी कुजक्या अंड्यांची घाण बोटभर पसरली. समुद्रातले सूक्ष्म जीव त्यात अडकून मेले होते. नवा फिल्टर घातला, तरी काटा चढेना. लाटांवर बोट कलंडताना नळीने हवा ओढली होती. डुलत्या बोटीत ओणवं होऊन ती हवा काढण्यात दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत आंघोळी बंद. पण कुणी घाबरलं नाही. बांधलेल्या तोटीकडे एकदा नजर जायची, एवढंच.

अकराव्या दिवशी यंत्र चालू झालं आणि त्याच रात्री आभाळही फुटलं. बूमचं, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांडीचं, मागचं टोक दोरीने उचललं की शिडावरचं पाणी डोलकाठीकडे धावतं. तिथे बादली टांगायची. पहिली बादली लालसर आणि खारट निघाली. शिडांवर सहाराची धूळ होती आणि त्यावर लाटांचं मीठ. ती ओतून दिली. पुढच्या दोन बादल्या निर्मळ होत्या. ना वीज, ना पडदा, ना मीटर.

लांबच्या पल्ल्याला निघणाऱ्याने यंत्र जरूर घ्यावं. माणसं स्वच्छ राहतात आणि भांडत नाहीत. पण पाणी भरताना ते जमेस धरू नये. आम्हाला आंघोळी यंत्राने घातल्या, झोप मात्र त्या बांधलेल्या टाकीने दिली. अठराव्या दिवशी बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनला नांगर टाकला तेव्हा उजव्या टाकीत मिंडेलोत भरलेलं १४० लिटर पाणी जसंच्या तसं होतं. दादाने तार सोडली. पहिला चहा वहिनीने त्याच पाण्याचा केला.