वेल संपला

गेल्या डिसेंबरात मी चार दिवस खुर्चीवर बसून नमाज पढलो. आमच्या मशिदीत शेवटच्या सफमध्ये डाव्या बाजूला पाच-सहा प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. गुडघे गेलेली, कंबर धरलेली, बायपास झालेली बुजुर्ग मंडळी तिथे बसतात. मी जाऊन बसलो तेव्हा माझं वय ४३. शेजारच्या चाचांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, खुर्ची थोडी सरकवली आणि म्हणाले, "आओ मास्टर, बहुत जल्दी आ गए."

कारण विचारलं की मी सांगायचो, डोंगरात पळायला गेलो होतो. त्यावर पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन गडांवरून दरवर्षी डिसेंबरात एक शर्यत होते, एसआरटी अल्ट्रा. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, त्यापुढचं सगळं अल्ट्रा. या शर्यतीत छोटेही गट आहेत आणि १०० किलोमीटरचाही आहे. मी ५३ चा घेतला होता. सिंहगडाच्या पायथ्याशी सुरुवात, वेल्ह्यात शेवट. रस्त्यावर दोनदा मॅरेथॉन पळालो होतो, त्यामुळे त्यात अकराच किलोमीटर वाढवायचे आहेत असा माझा हिशेब होता. मराठीचा शिक्षक आहे, गणिताचा नाही, एवढंच माझ्या बचावासाठी म्हणता येईल.

राजगडापर्यंत पोचलो. संजीवनी माचीच्या पलीकडे तोरण्याकडे जाणारी डोंगराची धार समोर दिसत होती. मांड्या दगड झाल्या होत्या. चढताना त्रास नव्हता, पण चार पावलं उतरायचं म्हटलं की मांडीत सुरी फिरायची. तिथली मुदत संपायला पाऊण तास बाकी होता. हा पाऊण तास नीट लक्षात ठेवा. मी घड्याळ पाहिलं आणि दगडावर बसलो. पाणी देणाऱ्या स्वयंसेवक पोरानं दोनदा विचारलं, "सर, वेळ आहे अजून. निघताय ना?" मी नाही म्हणालो. मग गुंजवण्याच्या बाजूनं चोर दरवाजातून मला खाली यावं लागलं. ती उतरण मी बरीचशी बसून, घसरत पार केली. थांबलो ते उतरायच्या भीतीनं, आणि थांबल्यावरही उतरावं लागलंच.

सोमवारी वर्गात गेलो. उर्दू माध्यमाची शाळा, सातवीचा वर्ग. शर्यतीच्या आधी मुलांनी कार्ड बनवून दिलं होतं, त्यावर तीन हिरवे डोंगर आणि सर्वांत उंच डोंगरावर माझी दाढी. बाकीचा मी त्यात नव्हतोच. "सर, क्या हुआ?" सगळे एकदम. मी म्हणालो, "वेळ संपला. मध्ये थांबवतात, तसा नियम असतो." नियम खरोखर आहे. म्हणूनच ते खोटं इतकं सहज बोललं गेलं.

तेवढ्यावर मिटलं असतं. पण जानेवारीत 'माझे आवडते शिक्षक' हा निबंध दिला आणि अकरा मुलांनी माझ्या शर्यतीवर लिहिलं. एकानं लिहिलं होतं, 'सर खूप धावले पण वेल संपला.' ळ हे अक्षर आमच्या मुलांना फार छळतं. उर्दूत तो आवाजच नाही, त्यामुळे फळ्याचा फल्या होतो आणि शाळेची शाला. मी लाल पेन उचललं, 'वेल' खोडून वर 'वेळ' लिहिलं, दहापैकी आठ गुण दिले आणि खाली 'छान' असा शेरा मारला. वही मिटल्यावर कळलं की आपण काय तपासलं. माझंच खोटं मी व्याकरणशुद्ध करून त्याच्या दप्तरात घातलं होतं.

यंदाची तयारी तिथून सुरू झाली.

ईद ३१ मार्चला झाली. एप्रिलभर परीक्षा, पेपर. खरा सराव मे महिन्यात धरला. आधी नेमकं काय बिघडलं ते शोधलं. मी वर्षभर पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढत होतो, सिंहगड चढत होतो, आणि उतरताना एकतर रेंगाळायचो नाहीतर गडावरून जीपनं खाली यायचो. चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचा भार अडवतो, ब्रेकसारखा. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जातं. म्हणून ती खुर्ची. याला उपाय एकच, थोडं थोडं उतरत राहायचं. एकदा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तसल्या माराला बराच टिकतो. म्हणजे मला चढायला नाही, उतरायला शिकायचं होतं.

डोंगरात किती वेळ लागेल याचा एक जुना हिशेब आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये मांडला. दर तीन मैलांना एक तास, आणि दर २००० फूट चढाला आणखी एक तास. २००० फूट म्हणजे सुमारे ६०० मीटर, आणि आतकरवाडीतून सिंहगडाचा चढ साधारण तेवढाच आहे. त्यामुळे पुण्याच्या माणसाला हा नियम कळायला स्कॉटलंडला जावं लागत नाही. उतारासाठी मात्र नेस्मिथनं वेगळा वेळ धरलेला नाही. तो माझ्यासारखा उतरत नसणार.

उतरायला मला शिकवलं ते आतकरवाडीच्या वाटेवरच्या एका मावशींनी. गडावर दही-ताक विकतात. सकाळी भरलेली भांडी घेऊन वर, दुपारनंतर रिकामे डबे डोक्यावर घेऊन खाली. जूनच्या एका रविवारी मी काठी टेकत, एकेक पाय आडवा टाकत उतरत होतो आणि त्या मला ओलांडून गेल्या. पायात साधी चप्पल. मी बारा हजारांचे बूट घातले होते, किंमत घरात अजून कुणाला माहीत नाही, हे वाचेपर्यंत. मी विचारलं, "मावशी, गुडघे दुखत नाहीत का?" त्या थांबल्याही नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, पाय आपटू नका. डबं वाजलं न्हाई पायजे."

मास्तर हे त्यांनी कशावरून ओळखलं, अल्लाह जाणे. काठीवरून असेल.

मी त्यांच्या मागे मागे चाललो. पावलं आखूड, भराभर पडणारी. गुडघा कायम किंचित वाकलेला, अंग मागे रेललेलं नाही, नजर पायाखाली न ठेवता तीन-चार पावलं पुढे. मोठं पाऊल टाकून टाचेवर थांबलं की डबे वाजतात. मावशींचे वाजत नव्हते. पुढच्या रविवारी मी पाठीवरच्या पिशवीत स्टीलचा रिकामा डबा टाकला आणि त्यात एक चमचा. पहिल्या दिवशी खाली येईपर्यंत पूर्ण वाटेवर बँड वाजत होता. वर येणारी मुलं वळून बघत होती. जुलैमध्ये निम्म्या वाटेला आवाज येई. सप्टेंबरात, पाऊस थोडा ओसरल्यावर, एकदा मधल्या टप्प्यात डबा इतका गप्प होता की चमचा पडला की काय म्हणून मी थांबून पिशवी उघडली. बायकोला तो चमचा महिनाभर सापडत नव्हता. तो विषय आता मिटला आहे, वेगळा चमचा आणलाय.

खाण्याचं सांगतो, कारण या शर्यतीत निम्मं काम पोटाचं असतं. शरीरात साठवलेली साखर दोन-तीन तासांच्या मेहनतीत आटत जाते, म्हणून पहिल्या तासापासून खायचं असतं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट, भूक असो वा नसो. दुकानात त्यासाठी जेलच्या पुड्या मिळतात. गेल्या वर्षी मी त्याच घेतल्या आणि तिसरीनंतर पोटानं हात टेकले. यंदा खजूर. मोठ्या मेडजूल खजुरात सुमारे १८ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, तीन खाल्ले की तास भागला. सोबत मीठ लावलेले उकडलेले बटाटे. उन्हात नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावरही बेतू शकतं, म्हणून मीठ. अम्मीला हे सगळं आधीच माहीत होतं. तिचं म्हणणं, "रोजा खजूरसे खोलते, इत्ता पढके भी तुझे मालूम नहीं?"

पायांचा प्रश्न मात्र मला कुठल्याही धावपटूच्या पुस्तकात सापडला नाही. दिवसात पाच वेळा वुजू करायचा म्हणजे पाच वेळा पाय धुवायचे. ओली कातडी घर्षणानं लवकर सोलते. फज्र पढून लगेच बूट चढवून निघालो की तासाभरात करंगळीपाशी फोड ठरलेला. चामडी मोज्यांवर मसह चालतो, धावायच्या पातळ मोज्यांवर आमच्या हनफी मसलकात चालत नाही. शेवटी उपाय साधाच निघाला. बोटांच्या फटी जुन्या सुती रुमालानं कोरड्या करायच्या, दहा मिनिटं पाय उघडे ठेवायचे, मग व्हॅसलिन, मग मोजे. वाटेत पिण्यापुरतंच पाणी असेल तर तयम्मुम चालतो, असं मौलानांनी सांगितलं. त्यांना मी हेही विचारलं की ५३ किलोमीटर धावणारा मुसाफिर ठरतो का, नमाज कसर करता येते का. ते हसले. ४८ मैल, म्हणजे ७७ किलोमीटरच्या आसपास लागतात. एवढं मरमर धावून शरीयतच्या हिशेबात मी घरीच असतो.

सिंहगडावरून किब्ला पानशेतच्या पाण्याच्या अंगाला येतो. तोरणा डावीकडे, बराच डावीकडे राहतो. ऑक्टोबरात आम्ही सहा जणांनी रात्री कात्रज ते सिंहगड केलं. तेरा टेकड्या म्हणतात, मी सोळा मोजल्या. गडावर पोचलो तेव्हा उजाडायला थोडा अवकाश होता. मी बाजूला रुमाल अंथरला. सोबतच्या एकानं काही न बोलता आपल्या डोक्यावरचा दिवा विझवला, डोळ्यांवर येऊ नये म्हणून. नाव सांगितल्यावर अर्धा क्षण थबकणारी माणसं मला आयुष्यभर भेटत आली आहेत, शिवरायांच्या गडांवर अजून जास्त भेटतील अशी धास्ती होती. तसं एकदा झालंही, त्याबद्दल इथं लिहीत नाही. पण चढावर तो अर्धा क्षण बहुतेक वेळा हरवतो. दोघांनाही धाप लागलेली असते.

दिवाळीच्या सुट्टीत राजगड-तोरणा धारेवर जाऊन आलो. शर्यत नव्हती, नुसतं चालत. आळू दरवाजातून उतरताना पाय थरथरले. गेल्या वर्षी बसलो होतो तो दगड शोधला, सापडला नाही. तिथे दगड खूप आहेत. बुधला माचीच्या खाली लोखंडी शिडी लागते, ती चढताना डबा वाजला. शिडीवर वाजलेला धरायचा नाही असं मी ठरवलं आहे.

शर्यतीला आता तीन आठवडे आहेत. लांब पल्ल्याचं धावणं संपलं, आता हळूहळू कमी करत न्यायचं. मुलं आठवीत गेली आहेत आणि मराठीला मीच आहे. गेल्या शुक्रवारी एका मुलीनं विचारलं, "सर, यावर्षी पण कार्ड बनवायचं?" मी खडू खाली ठेवला आणि सांगितलं की मागच्या वर्षी वेळ संपला नव्हता.

वर्ग गप्प. कोणीतरी मागून म्हणालं, "मग?"

"पाऊण तास बाकी होता. मी घाबरलो. उतरायची भीती वाटली. तुम्हाला मी खोटं सांगितलं."

मला वाटलं होतं, हसतील किंवा रुसतील. ते हिशेबाला लागले. पाऊण तासात किती किलोमीटर होतात, सर रोज किती पळतात, चालत गेले असते तर. दोघांचं तर भांडणच जुंपलं. 'वेल संपला' लिहिणारा मुलगा तिसऱ्या बाकावर बसतो. तो वाद संपेपर्यंत थांबला, मग हात वर केला.

"सर, मैं ने निबंध में लिखा था. तुम्ही आठ गुण दिले होते. वो वही अजून घरी आहे."

"मग उद्या घेऊन ये," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यानं वही आणली. पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. त्यानं ते वाक्य पेन्सिलीनं आधीच खोडलं होतं, माझ्या लाल 'वेळ' सकट, आणि खाली नवीन लिहिलं होतं: 'सर डोंगरावर बसले. वेल होता.'

मी पेन काढलं, ळ दुरुस्त केला. गुण तेच ठेवले.