हूल कोणाला द्यावी?

पत्त्यांच्या खेळाला आपल्या समाजात कधी प्रतिष्ठा लाभली नाही. परंतु तो घरातून कधी हद्दपारही झाला नाही. धार-देवासकडील कित्येक मराठी घरांत दिवाळीच्या रात्री फराळाची ताटे उचलली गेली की सतरंजी पसरली जाते, चिंचोके वाटले जातात आणि तीन पत्तीचा डाव मांडला जातो. या खेळात हूल देणे ही मोठी विद्या समजतात. हातात काही नसताना असल्याचा आव आणावयाचा, चाल वाढवावयाची आणि समोरच्यास पाने टाकावयास लावावयाची. या विद्येविषयी चार शब्द लिहावे असे आमच्या मनात आले, त्याला कारण झाला आमचा देवासचा पुतण्या.

ज्या देवासात १९७०च्या दशकापासून सरकारी नोटा छापल्या जातात, त्याच गावी बसून हा मुलगा डोळ्यांना न दिसणाऱ्या पैशांनी मोबाइलवर पोकर खेळत असे. पोकर हा तीन पत्तीचा विलायती भाऊबंद. प्रत्येकास दोन पाने गुप्त, पाच पाने सर्वांकरिता उघडी. त्या सातांतून ज्याची पाच पाने सरस, त्याचा डाव. मुलगा हुशार. त्याने पुस्तके वाचली, हूल देण्याचे शास्त्र शिकला आणि धारच्या वडिलोपार्जित घराच्या छपरासाठी बाजूला ठेवलेली रक्कम गमावून बसला. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदही त्यात ठेवला नाही. त्यानंतर हे डाव बंद पडले, तेव्हा त्याने हिशेब आमच्यापुढे ठेवला.

"काका, ती माणसे खेळतच नाहीत हो," तो म्हणाला. "कितीही लावले तरी पाने टाकत नाहीत, स्वतः वाढवीतही नाहीत. नुसती बरोबरी करतात आणि शेवटी माझी पाने पाहतात. शहाण्यांकडून हरलो असतो तर एवढे दुःख नव्हते."

त्याच्या बोलण्यातील तुच्छता आम्हांस खटकली. कारण असा खेळाडू आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. आमच्या धारच्या आत्याबाई! त्या पाने सहसा टाकीत नसत आणि चाल सहसा वाढवीत नसत. "बघू तर खरं, काय आहे ते," म्हणून चिंचोके पुढे सरकवीत आणि शेवटी शो मागत. घरातील वकील मंडळी त्यांच्यापुढे चेहरा गंभीर करून चाल वाढवीत आणि दरवेळी उघडी पडत. वर्षा-दोन वर्षांतून एखादे वेळी आत्याबाई स्वतः चाल वाढवीत. तेव्हा मात्र जाणत्याने निमूटपणे पाने टाकावी. त्यांच्या हाती तीन राजे असावयाचे!

हूल मुळात खोटी विद्या नव्हे. तीन पत्तीत २२,१०० निरनिराळे हात संभवतात आणि त्यांपैकी १६,४४० हातांत जोडीसुद्धा नसते. चारांतील तिघे रिकाम्या हातानेच बसलेले असतात. म्हणून हुलीला वाव. परंतु तिला हिशेब आहे. मध्ये शंभर रुपये जमले आहेत आणि आपण पन्नासांची हूल देतो, असे धरा. तीनांतून एकदा समोरच्याने पाने टाकली तर आपण बरोबरीत सुटतो. तो पाचांतून एकदाच टाकणारा असेल तर? एकदा शंभर येतात, चारदा पन्नास जातात. पाच हुलींत शंभराची खोट. शिवाय पटावर समोर तिघे असतील आणि प्रत्येक जण निम्म्या वेळा पाने टाकीत असेल, तरी तिघांनी एकाच वेळी टाकण्याचा योग आठांतून एकदा. त्यातच दर डावामागे कंपनी आपला वाटा उचलीत असे तो निराळाच.

जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ साली खेळांच्या गणितावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हुलीचे दोन उपयोग सांगितले आहेत. एक, कधी कधी दुबळा हात जिंकून जातो. दुसरा याहून खोल आहे: आपण हूल देतो हे ठाऊक असले म्हणजे आपला हात खरोखर भारी असतानाही समोरचा संशयाने पैसे लावतो. आता आत्याबाईंचा विचार करा. पहिला लाभ त्यांच्यापाशी मिळत नाही आणि दुसरा तर आयता मिळतो. त्या पैसे लावतातच! तेथे संशय पेरण्याचा खर्च कशासाठी करावयाचा? चांगला हात येईपर्यंत थांबावे आणि आला की संकोच न करता पुरेपूर किंमत मागावी. पुतण्याने नेमके उलट केले. रिकाम्या हातावर मोठी रक्कम लावली आणि भारी हात आला की समोरचा पळेल या धास्तीने थोडी.

हूल हा एक संवाद आहे. त्याला ऐकणारा लागतो. १७२८च्या नोव्हेंबरात चिमाजीअप्पा माळव्यात उतरले, तेव्हा मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर अमझेऱ्याजवळ ठाण मांडून होता. मराठे तेथल्याच घाटाने येणार हा त्याचा अंदाज. मराठे मांडूकडील घाटाने चढून आले आणि लढाईत सुभेदार पडला. अंदाज बांधणाराच चकतो. जो अंदाज बांधीतच नाही, नुसता उघडून पाहतो, त्याला चकवणार कसे? भीती दाखवावी तर तो कुतूहलाचेच पैसे मोजावयास बसलेला. "जेवला नाहीस तर बुवा येईल," असे सांगितल्यावर "येऊ दे, बघू कसा असतो," म्हणणारे मूल ज्यांनी वाढविले आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

अपवाद एकच. असा खेळाडू एका रंगाची चार पाने घेऊन पाचव्याच्या आशेने शेवटपर्यंत येतो. दोन पाने उघडावयाची असताना ती आशा शंभरांत सुमारे पस्तीस वेळाच फळते. रंग जमला नाही म्हणजे त्याला दाखवावयास काहीच नसते आणि तो आपण होऊन पाने टाकतो. समोर असा एकटाच असेल तर थोडक्या रकमेची हूल तेथे चालते.

महाभारतातील नळराजा द्यूतात राज्य हरला. पुढे ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने-फळे क्षणात मोजून दाखविली आणि त्याच्याकडून अक्षहृदय शिकल्यावरच नळाने राज्य परत जिंकले. मोजण्यापूर्वी खेळणारा आणि मोजून खेळणारा, यांतील अंतर आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. मात्र पाने मोजता आली तरी माणूस मोजावयाचा राहतो. पुतण्याने पाने नीट मोजली होती. समोरच्यास त्याने मूर्ख ठरविले आणि तेथेच मोजणे थांबविले.

आता पैशाचा तो खेळ कायद्यानेच बंद आहे आणि धारच्या घराचे छप्पर पगारातून, थोडे थोडे करून, दुरुस्त होत आहे. पण हूल देण्याचे प्रसंग पटापुरते नसतात. मुलीच्या लग्नाची बोलणी, भाडेकरूस दिलेली तंबी, कचेरीत टाकलेला राजीनाम्याचा शब्द, सर्वत्र आपण ती देतच असतो. वाचकहो, यापुढे देण्यापूर्वी समोरच्याकडे क्षणभर पाहावे. तो आपले बोलणे तोलतो आहे, की नुसता आपली पाने उघडण्याची वाट पाहतो आहे? दुसरे असेल तर हाती जे खरोखर आहे तेवढेच बोलावे.