तळ्याकाठचा मुक्काम

रायपूरला समुद्र नाही. तळी मात्र गावभर. त्यांतल्या बूढा तालाबाच्या बाजूला, बूढापाऱ्यात, डे भवन नावाचं जुनं घर आहे. १८७७ साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामासाठी रायपूरला आले आणि मागोमाग बायकामुलं. रेल्वे तेव्हा इथवर पोचली नव्हती. शेवटची वाट बैलगाडीची, रानातली. कड्याच्या कपारीतलं मधमाश्यांचं अजस्र पोळं बघता बघता १४ वर्षांच्या नरेंद्राची शुद्ध हरपली, ही हकिकत पुष्कळांना ठाऊक असते. त्याच प्रवासात भूतनाथ डे यांचा तान्हा हरिनाथही आईच्या मांडीवर होता, असं सांगतात. ते पोर कुणाच्या लक्षात राहत नाही.

दत्तांचा मुक्काम या डे मंडळींकडेच होता, असं इथे मानतात. एक मुलगा वडिलांकडून स्वयंपाक शिकतोय, थोरांच्या वादात हिरिरीनं बोलतोय. दुसरा नुकता रांगायला लागलाय. नरेंद्रानं त्याला कडेवर घेतलं असणारच. घरात एवढा धडधाकट मुलगा असताना किरकिरतं पोर आणखी कुणाकडे देणार? आणि त्या पोराच्या कानावर काय काय पडत असेल! घरात बंगाली, दारात छत्तीसगढी, बाजारात हिंदी, नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून रुजलेली मराठी.

१८७९ मध्ये दत्त परत गेले. नरेंद्राचे विवेकानंद झाले, १९०२ मध्ये ३९व्या वर्षी गेले. हरिनाथ डे कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल झाले. १९११च्या ऑगस्टमध्ये विषमज्वरानं गेले. वय ३४, आणि भाषाही ३४ येत होत्या म्हणतात.

विवेकानंदांची वाणी छापून उरली. तळ्यात त्यांचा पुतळा आहे, विमानतळाला त्यांचं नाव आहे. जीव तुटतो तो हरिनाथसाठी. त्यांचे अनुवाद आहेत, संपादनं आहेत. पण पालीला ग्रीक आणि अरबीला तिबेटी जिथे शेजारीण म्हणून भेटत होती, ते डोकं चितेवर गेलं. त्या भाषा आपापल्या देशी सुखरूप असतील, त्यांचा हा शेजार पुन्हा कुठे बसणार? आणखी ३० वर्षं मिळती तर!

बूढापाऱ्यातून जाताना बरोबर लहान मूल असलं, की मी त्याला त्या घराची गोष्ट सांगते. नाव आधी हरिनाथचं घेते.