कडवीचे पाणी कुठे जाते?

आमच्या मलकापूरला पावसाचे कौतुक कुणाला नाही. आंबा घाटात ढग अडले की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. कडवीला तांबडे पाणी चढते, माणसे पुलावर उभी राहून बघतात आणि पाणी उतरले की कामाला लागतात. ते पाणी पुढे कुणाच्या दारात जाते, हा प्रश्न मला २०१९ च्या महापुराने घातला.

त्या ऑगस्टमध्ये आम्ही काही कार्यकर्ते तांदूळ, चादरी आणि औषधे घेऊन शिरोळ तालुक्यात गेलो होतो. छावणीतल्या एका आजींनी गाव विचारले. मलकापूर म्हणताच त्या म्हणाल्या, "म्हंजे पाणी बी तुमच्याकडनंच आलं, आन् चादर बी तुमच्याकडनंच!" आजी हसल्या, आम्हाला हसता आले नाही. त्यांचे म्हणणे भूगोलाला धरून होते. कडवी वारणेला मिळते, वारणा हरिपूरला कृष्णेला, आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते. एवढ्या नद्यांचे पाणी शिरोळच्या सपाटीवर एकत्र येते.

आणि शिरोळच्याही पुढे कुणीतरी आहेच. कर्नाटक, तेलंगणा ओलांडून कृष्णा आंध्रात विजयवाड्याखाली फाटे फोडते आणि समुद्राला मिळते. शाळेत शिकलो तो हा त्रिभुज प्रदेश, नदीच्या गाळाने घडलेली सुपीक जमीन. तिथे पुराचे भय दोन्हीकडून असते. १९ नोव्हेंबर १९७७ च्या चक्रीवादळात दिवीसीमा भागात समुद्र आत घुसला आणि दहा हजारांवर माणसे गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये विजयवाड्याच्या प्रकाशम बंधाऱ्यावरून ११ लाख क्युसेकहून अधिक पाणी वाहिले.

अशा प्रदेशांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ काय सांगतात? जेम्स सिव्हित्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली जगातल्या ३३ त्रिभुज प्रदेशांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात आपली कृष्णाही आहे. मी वाणिज्य शाखेचा माणूस. मला ते खातेवहीसारखे समजले. नदी दरसाल गाळ आणते, ती जमा. जमीन स्वतःच्या वजनाने दबते, समुद्र किनारा खातो, तो खर्च. वर धरणांनी गाळ अडवला की जमा आटते, जमिनीतून पाणी व वायू उपसला की खर्च वाढतो, आणि जमीन खचत जाते. मग पूर पूर्वीइतकाच आला तरी पाणी अधिक आत शिरते.

हा हिशेबाचा मार्ग आपल्या देशाला नवा नाही. १९२६ साली ओरिसात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचे पात्र वर आले आहे, म्हणून बांध उंच करा, असे अभियंत्यांचे मत होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी सुमारे ६० वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि दाखवून दिले की पात्र वर आलेले नाही. दोष वरच्या खोऱ्यात झालेल्या अतिवृष्टीचा आहे. उपाय वर, पाणी अडवण्यात शोधला पाहिजे.

८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत डॉ. बाबासाहेबांनी हाच प्रश्न हाती घेतला. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज त्यांच्याकडे होती. जादा पाणी म्हणजे संकट, ते लवकर समुद्रात घालवा, ही जुन्या समित्यांची दृष्टी त्यांनी नाकारली. पाणी साठवा, त्यातून पूर आवरेल, शेती भिजेल, वीज व जलवाहतूक मिळेल, असे त्यांनी मांडले. त्याच विचारातून महानदीवर हिराकूड धरण उभे राहिले. १९५७ साली त्याचे उद्घाटन झाले. १९२७ साली महाडला पाण्याचा हक्क मागणारा हा महापुरुष कटकला पाण्याचा हिशेब मांडत होता, हे आपल्या किती घरांत सांगितले जाते?

कुणी विचारील, धरणांनी गाळ अडतो, मग बाबासाहेबांचे चुकले काय? मला तसे वाटत नाही. उगमापासून समुद्रापर्यंत नदी एक धरावी आणि आकड्यांवर निर्णय घ्यावा, हा त्यांच्या विचाराचा गाभा आहे. आज त्या हिशेबात गाळाचा आकडा घालायचा आहे. तो न घालता जुन्या उत्तरालाच चिकटून राहणे, ही पोथीनिष्ठा झाली.

बांधवांनो, नदीकाठी वरचा करतो आणि खालचा भोगतो. हा नियम आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. गावाने ज्यांना सखल, नको असलेली जागा दिली, त्यांच्या उंबऱ्याला पाणी आधी लागते, आणि पंचनाम्याच्या कागदात त्यांच्याच घराचा उतारा सापडत नाही. कारकून म्हणून असे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत.

म्हणून एक सुचवतो. नदीकाठच्या प्रत्येक वस्तीने २००५, २०१९, २०२१ या सालांच्या पुराची पाणीपातळी विहाराच्या भिंतीवर साल घालून रंगवावी. सरळ कडांचा डबा आणि फूटपट्टी घेऊन मुलामुलींनी रोजचा पाऊस वहीत लिहावा. खालच्या गावांतल्या कार्यकर्त्यांचे फोन नंबर त्याच वहीत असावेत, म्हणजे वर पाणी चढताच खाली निरोप जाईल. आणि आपल्या मुलींपैकी एखादी उद्या जलशास्त्र शिकायला निघाली, तर तिला "त्यात नोकरी कुठे आहे?" असे विचारू नका. शिरोळच्या आजींना चादरीआधी निरोप मिळाला असता, तर तो त्यांना अधिक उपयोगी पडला असता.