लॉकरमधील स्त्रीधन

व्यापारी घरात सुनेचे दागिने लग्नानंतर सासूबाईंच्या लॉकरमध्ये जातात आणि हंगामात भांडवल कमी पडले की तारण म्हणून बाहेर येतात. संसार सुरळीत असेतो हिशेब विचारणेच अप्रशस्त मानले जाते! घटस्फोटाचा अर्ज लिहिण्याची वेळ आली, की मात्र दोन्हीकडच्या याद्या जुळत नाहीत. एका घरात तर आईने कोणता हार कोणाच्या लग्नात घातला होता, हे नववीतल्या मुलीला विचारण्यात आले.

लॉकर कोणाच्या नावावर, यावरून आतील वस्तूंची मालकी ठरत नाही. स्त्रीधन पत्नीचेच; सासरी ते केवळ सांभाळण्यास दिलेले असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले, की अडचणीत पती ते वापरू शकतो. परंतु ते किंवा त्याचे मूल्य परत करण्याचे नैतिक बंधन त्याच्यावर राहते.

पेढीच्या वहीत सावकाराचे खाते असते, सुनेचे क्वचितच. वहीपूजनाच्या दिवशीच तिच्या नावाचे पान उघडावे. वजन, तारीख, तारणाची पावती त्यात लिहावी. सोडवून आणलेले दागिने कोणत्या लॉकरमध्ये गेले, हेही लिहावे आणि खाली तिची सही घ्यावी.